सरकारी वकिलाची सही आणि सिनेटचं मत

13 मार्च 2003 रोजी अमेरिकेच्या सिनेटने जे बायबी या सरकारी वकिलाला नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, अपील न्यायालयावर न्यायाधीश म्हणून पाठवलं. मतं पडली 74 विरुद्ध 19. म्हणजे राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या रिपब्लिकन पक्षाबरोबर डेमोक्रॅट पक्षाच्याही बऱ्याच सिनेटरांनी हात वर केला. बायबी तेव्हा न्याय खात्यातल्या 'ऑफिस ऑफ लीगल काउन्सेल' या कार्यालयाचे प्रमुख होते. त्याआधी सात महिने, 1 ऑगस्ट 2002 रोजी, त्यांनी दोन अभिप्रायांवर सही केली होती. त्या सहीच्या आधारावर सीआयएने अबू झुबेदा या कैद्याला पेटीत कोंडलं, जागं ठेवलं आणि त्याच्या तोंडावर पाणी ओतलं. सिनेटने मतदान केलं तेव्हा हे अभिप्राय सभागृहापुढे नव्हते. ते लोकांपुढे आले तोवर बायबी न्यायासनावर बसले होते, आणि त्या आसनावरून माणसाला उठवणं जवळजवळ अशक्य असतं.

सरकारी वकिलाने न्यायाधीश होण्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो पद्धतीला. ज्या अभिप्रायाचा सरकारने प्रत्यक्ष कायदा म्हणून वापर केला, तो वाचायला न मिळताच त्यावर सही करणाऱ्याला तहहयात पद देणं ही सिनेटची कर्तव्यच्युती आहे. ती 2003 मध्ये घडली, आणि पुन्हा घडू नये याची कायमची सोय आजवर कुणी केलेली नाही.

हे कार्यालय नेमकं काय करतं ते आधी पाहू. आपल्याकडे मंत्रालयात एखादी फाईल 'विधी व न्याय'च्या अभिप्रायासाठी अडते, हे सरकारी कामाशी संबंध आलेल्या कुणालाही ठाऊक असतं. वॉशिंग्टनमधलं हे कार्यालय त्याच जातीचं, पण वजनाने कितीतरी भारी. वीस-पंचवीस वकिलांचं हे छोटंसं कार्यालय राष्ट्राध्यक्षांना आणि सगळ्या खात्यांना कायदा काय म्हणतो ते सांगतं, आणि त्याने दिलेला अभिप्राय प्रथेने संपूर्ण प्रशासनावर बंधनकारक मानला जातो. तिथे प्रतिपक्षाचा वकील नसतो, वर न्यायाधीश नसतो आणि अपीलही नसतं. अभिप्राय गुप्त असेल तर तो चूक आहे असं म्हणायलाही कुणी उरत नाही. म्हणून तिथे बसणाऱ्या वकिलाने स्वतःच प्रतिपक्ष आणि स्वतःच न्यायाधीश होऊन विचार करायचा असतो. या कामाची सचोटी तेवढ्यावरच टिकते.

बायबींच्या सहीचा पहिला अभिप्राय पन्नास पानांचा होता. मसुदा मुख्यतः त्याच कार्यालयातले वकील जॉन यू यांचा, सही बायबींची. अमेरिकेच्या फौजदारी कायद्यात छळाची व्याख्या करताना 'तीव्र वेदना' असा शब्दप्रयोग आहे. तीव्र म्हणजे किती, हे ठरवण्यासाठी या वकिलांनी आधार कुठून आणला? तर आरोग्य-लाभाच्या कायद्यांमधून, जिथे तातडीच्या वैद्यकीय अवस्थेची व्याख्या केलेली असते. कोणत्या रुग्णाच्या खर्चाची भरपाई करायची हे ठरवणारी ती वाक्यं. तिथून त्यांनी निष्कर्ष काढला की अवयव निकामी होताना, शरीराचं एखादं कार्य बंद पडताना किंवा मृत्यू येताना जेवढी वेदना होते, त्या तोडीची वेदना असेल तरच तो छळ. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. युद्धकाळात राष्ट्राध्यक्षांच्या अधिकाराआड येत असेल तर छळबंदीचा हा कायदाच घटनाबाह्य ठरू शकतो, असंही त्यांनी लिहिलं.

दुसरा अभिप्राय अठरा पानांचा, सीआयएच्या प्रभारी मुख्य वकिलाला उद्देशून. त्यात चौकशीच्या दहा पद्धती एकेक करून तपासल्या आहेत. मोठ्या पेटीत माणसाला अठरा तासांपर्यंत कोंडता येईल, लहान पेटीत दोन तासांपर्यंत. सलग अकरा दिवसांपर्यंत झोपू न देणं चालेल. या कैद्याला किड्यांची भीती वाटते असं सीआयएने कळवलं होतं, म्हणून पेटीत किडा सोडण्याचाही विचार त्यात आहे. सुरवंटासारखा निरुपद्रवी किडा सोडायला हरकत नाही, फक्त त्याच्या दंशाने मरण येईल असं कैद्याला वाटू देऊ नये, अशी अट घातली आहे. आणि शेवटी वॉटरबोर्डिंग. माणसाला कलत्या फळीवर बांधायचं, चेहऱ्यावर फडकं टाकायचं आणि बारा ते चोवीस इंच उंचीवरून पाणी ओतायचं, वीस ते चाळीस सेकंद श्वास अडेल असं. हे सगळं कायद्यात बसतं, असं अमेरिकेच्या न्याय खात्याच्या कागदावर लिहून त्याखाली सही झाली. त्याच ऑगस्ट महिन्यात अबू झुबेदावर वॉटरबोर्डिंगचा प्रयोग किमान 83 वेळा झाला. त्याला मार्चमध्ये पाकिस्तानात फैसलाबादला पकडलं होतं. अल-कायदाचा मोठा नेता म्हणून पकडलेला हा माणूस त्या संघटनेचा सदस्यच नव्हता, असा निष्कर्ष पुढे खुद्द सीआयएने काढला. वीस वर्षं उलटून गेली तरी त्याच्यावर खटला चाललेला नाही.

ज्या पानांवर सुरवंटाचा हिशेब मांडला गेला ती पानं लिहिणारे कुणी अडाणी नव्हते, हे मला जास्त अस्वस्थ करतं. बायबींची कारकीर्द तर नमुनेदार म्हणावी अशी. 1980 च्या दशकात न्याय खात्यात नोकरी, मग थोरल्या बुश यांच्या व्हाइट हाउसमध्ये सहायक वकील, मग लुईझियाना आणि नंतर लास व्हेगासच्या विधी महाविद्यालयात प्राध्यापक. अभ्यासू, सौम्य, सहकाऱ्यांना आवडणारा माणूस अशी ख्याती. नेवाडाचे डेमोक्रॅट सिनेटर हॅरी रीड यांनीही आपल्या राज्यातला प्राध्यापक म्हणून त्यांना पाठिंबा दिला. न्यायाधीशपदासाठी त्यांचं नाव राष्ट्राध्यक्षांनी मे 2002 मध्ये पाठवलं होतं. म्हणजे अभिप्रायांवर सही करताना हे पद त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. पदासाठी त्यांनी सही केली, असा आरोप मी करत नाही. तसा पुरावा नाही. पण ज्याची नेमणूक सरकारच्या हातात आहे त्याच्याकडून त्याच सरकारला 'नाही' ऐकवण्याची अपेक्षा करायची असेल, तर निदान नंतर कुणीतरी तो कागद तपासणार आहे एवढं तरी त्याला ठाऊक असायला हवं.

तपासणी झाली नाही. न्यायसमितीपुढची सुनावणी 5 फेब्रुवारी 2003 रोजी झाली. त्याच दिवशी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांत इराकच्या शस्त्रास्त्रांवर भाषण करत होते आणि सगळ्या देशाचं लक्ष तिकडे होतं. कार्यालयात दिलेल्या सल्ल्याबद्दल सिनेटरांनी लेखी प्रश्न विचारले तेव्हा बायबींनी गोपनीयतेचं बंधन पुढे केलं. तिथेच विषय संपला. पहिला अभिप्राय जून 2004 मध्ये वर्तमानपत्रांतून फुटला. त्याच महिन्यात त्याच कार्यालयाचे नवे प्रमुख जॅक गोल्डस्मिथ यांनी तो मागे घेतला, आणि हे गोल्डस्मिथही पुराणमतवादी, बुश यांनीच नेमलेले. दुसरा अभिप्राय एप्रिल 2009 मध्ये ओबामा प्रशासनाने जाहीर केला. तेव्हा सिनेटर पॅट्रिक लेही म्हणाले की खरं काय ते आधी सांगितलं असतं तर ही नेमणूक झालीच नसती. बरोबर आहे. पण लेही न्यायसमितीतल्या डेमोक्रॅटांचे प्रमुख होते. उत्तर मिळेपर्यंत मतदान होऊ देणार नाही, असा हट्ट त्यांच्या पक्षाला धरता आला असता.

तो हट्ट त्याच वसंतात ते दुसऱ्या एका माणसासाठी धरून बसले होते. मिगेल एस्ट्राडा हे होंडुरासमध्ये जन्मलेले, विलक्षण हुशार वकील. 1992 ते 1997 या काळात ते सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयात होते. बुश यांनी त्यांचं नाव वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयासाठी पाठवलं, तेव्हा डेमोक्रॅटांनी त्या कार्यालयात त्यांनी लिहिलेली अंतर्गत टिपणं मागितली. न्याय खात्याने नकार दिला. हयात असलेल्या सातही माजी सॉलिसिटर जनरलनी, दोन्ही पक्षांच्या, पत्र लिहून त्या नकाराला पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं असं की कनिष्ठ वकिलाची टिपणं उद्या सिनेटमध्ये वाचली जाणार असतील तर कुणीही आपल्या वरिष्ठाला मोकळेपणाने सल्ला देणार नाही. डेमोक्रॅटांनी मतदान अडवून धरलं आणि सप्टेंबर 2003 मध्ये एस्ट्राडांनी माघार घेतली.

हा युक्तिवाद वजनदार आहे आणि एस्ट्राडांच्या बाबतीत तो मला पटतो. अपील करावं की नाही यावर कनिष्ठ वकील जे टिपण लिहितो, ते विचारविनिमयाचा भाग असतं. त्याने काहीच ठरत नाही. ते फेकून दिलं जाऊ शकतं, त्याच्या उलट निर्णय होऊ शकतो आणि शेवटी सरकारची बाजू भर न्यायालयात प्रतिपक्षासमोर मांडावी लागते. बायबींचा अभिप्राय या जातीचा नव्हता. तो अंतिम होता, सहीचा होता, आणि त्यावर विसंबून माणसांनी माणसांवर हात टाकले. आपापसात मोकळेपणाने बोलता यावं म्हणून जी गोपनीयता हवी, ती निर्णय झाल्यावरच्या आदेशाला लावता येत नाही. सिनेटने 2003 मध्ये नेमकं उलटं केलं. जिथे झाकलेलं राहू द्यायला हवं होतं तिथे हट्ट धरला, आणि जिथे हट्ट धरायला हवा होता तिथे मान डोलावली.

'वकिलाला त्याच्या अशिलाच्या पापाबद्दल दोषी धरू नये' हे तत्त्व इथे हमखास पुढे येतं. न्यायालयात बाजू मांडणाऱ्या वकिलाला ते पूर्ण लागू आहे. खुन्याचा बचाव करणारा वकील खुनी होत नाही. पण सल्लागार वकील अशिलाच्या कृत्यानंतर येत नाही, कृत्याच्या आधी येतो. अशील विचारतो, हे केलं तर चालेल का? वकील म्हणतो, चालेल. तेव्हा घडून गेलेल्या गोष्टीचा तो बचाव करत नसतो, घडायच्या गोष्टीला वाट करून देत असतो.

अशा माणसाने पुढे चांगला न्यायाधीश होऊच नये असं नाही. रॉबर्ट जॅक्सन हे रूझवेल्ट यांचे अ‍ॅटर्नी जनरल. 1940 मध्ये ब्रिटनला पन्नास जुन्या विनाशिका देण्याचा करार काँग्रेसला न विचारता करता येतो, असा अभिप्राय त्यांनी दिला. तो त्यांनी उघडपणे दिला आणि त्यावर तेव्हाच भरपूर टीका झाली. 1941 मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. 1950 मध्ये एका खटल्यात त्यांचाच अ‍ॅटर्नी जनरल म्हणून दिलेला एक जुना अभिप्राय समोर आला, तेव्हा त्यांनी तो आपण स्वतः खोडून काढत असल्याचं निकालपत्रात लिहिलं. 1952 मध्ये ट्रूमन यांनी पोलाद गिरण्या ताब्यात घेतल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारांना मर्यादा घालणारं त्यांचं मत आजही अमेरिकेतला प्रत्येक विधी विद्यार्थी वाचतो. पण जॅक्सन स्वतःला दुरुस्त करू शकले ते त्यांचं आधीचं लिखाण लोकांसमोर होतं म्हणूनही.

विल्यम रेनक्विस्ट यांचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं. बायबींचंच कार्यालय त्यांनी 1969 ते 1971 सांभाळलं. नागरिकांवर लष्कराने ठेवलेल्या पाळतीचा प्रश्न निघाला तेव्हा सरकारतर्फे त्यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली आणि एका चालू खटल्यावर मतही मांडलं. तोच खटला 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा रेनक्विस्ट तिथे न्यायमूर्ती होते. त्यांनी बाजूला व्हायला नकार दिला आणि निकाल 5 विरुद्ध 4 असा सरकारच्या बाजूने लागला. ते बाजूला झाले असते तर 4-4 अशी बरोबरी होऊन खालच्या न्यायालयाचा सरकारविरोधी निकाल कायम राहिला असता. 1974 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. सरकारी नोकरीत असताना ज्या प्रकरणात सल्ला दिला किंवा मत व्यक्त केलं, त्यात न्यायाधीशाने बसू नये असं आता कायदाच सांगतो. पण सल्ला गुप्त असेल तर पक्षकाराने हरकत कशाच्या आधारावर घ्यायची? छळ झालेल्या एका कैद्याने जॉन यू यांच्यावर भरलेला दावा 2012 मध्ये याच नवव्या सर्किटपुढे आला आणि यू यांना संरक्षण मिळालं. बायबी त्या पीठावर नव्हते, आणि तोवर सगळं जगजाहीर झालं होतं. 2003 मध्ये मात्र त्या न्यायालयात उभ्या राहिलेल्या कोणत्याही पक्षकाराला समोरच्या न्यायाधीशाने कशावर सही केली आहे याचा पत्ता नव्हता.

कागद समोर आला की काय होतं, तेही अमेरिकेनेच पाहिलं आहे. विल्यम हेन्स हे संरक्षण खात्याचे मुख्य वकील. क्युबातल्या ग्वांतानामो या अमेरिकी लष्करी तुरुंगातल्या कठोर चौकशीपद्धतींची शिफारस करणारं नोव्हेंबर 2002 चं टिपण त्यांचं. त्यावर मंजुरीची सही करताना संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी खाली हाताने लिहिलं की मी दिवसाला आठ-दहा तास उभा असतो, मग कैद्यांना चारच तास का? हेन्स यांचं नाव अपील न्यायालयासाठी गेलं, पण मतदान होण्याआधीच ते टिपण बाहेर आलं. निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी विरोधात पत्र लिहिलं, सुनावणीत कसून विचारणा झाली आणि जानेवारी 2007 मध्ये नाव मागे पडलं. हेन्स आणि बायबी यांच्या कामात फरक असलाच तर बायबींचं काम अधिक गंभीर होतं. कागद कधी फुटला, एवढ्यावर दोघांचं भवितव्य ठरलं.

डेव्हिड बॅरन यांची गोष्ट डेमोक्रॅटांच्या काळातली. त्याच कार्यालयाचे प्रभारी प्रमुख असताना जुलै 2010 मध्ये त्यांनी अन्वर अल-अवलाकी या अल-कायदाशी जोडल्या गेलेल्या अमेरिकन नागरिकाला परदेशात ड्रोनने ठार करणं कायदेशीर ठरेल, असा अभिप्राय दिला. सप्टेंबर 2011 मध्ये अवलाकी येमेनमध्ये मारला गेला. बॅरन यांचं नाव बॉस्टनच्या अपील न्यायालयासाठी आलं तेव्हा केंटकीचे रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल यांनी आवाज उठवला. सिनेटरांना तो अभिप्राय वाचायला उपलब्ध करून द्यावा लागला, आणि तो जाहीर करण्याच्या न्यायालयीन आदेशाला आव्हान देणार नाही असं ओबामा प्रशासनाने कबूल केलं. 22 मे 2014 रोजी बॅरन 53 विरुद्ध 45 मतांनी निवडून गेले. जनतेला मजकूर वाचायला मिळाला महिन्याभराने. मी सिनेटर असतो तर बॅरन यांच्याविरुद्ध मत दिलं असतं, पण त्या 53 जणांना निदान आपण कशाला होकार देतो आहोत हे माहीत करून घेण्याची संधी होती. हे एका सिनेटरच्या चिकाटीने झालं. नियमाने झालेलं नाही.

बायबींबद्दल एक गोष्ट न सांगणं अन्यायाचं होईल. न्यायाधीश म्हणून त्यांनी सत्तेपुढे मान तुकवली नाही. डिसेंबर 2018 मध्ये ट्रम्प यांच्या आश्रयबंदीच्या आदेशावरची स्थगिती उठवायला नकार देणारा निकाल त्यांनीच लिहिला. त्याआधी 2017 मध्ये ट्रम्प यांनी न्यायाधीशांवर केलेल्या वैयक्तिक हल्ल्यांचाही त्यांनी निकालपत्रातून निषेध केला होता. 2019 च्या शेवटी ते ज्येष्ठ न्यायाधीश या दर्जावर, म्हणजे अर्धनिवृत्तीत, गेले, सन्मानाने. पण सिनेटपुढचा प्रश्न ते पुढे कसे वागतील हा नव्हता, ते कुणालाच सांगता येत नाही. प्रश्न होता त्यांनी काय केलं आहे हा, आणि त्याचं उत्तर कागदावर होतं.

नंतर दुरुस्तीची सोय तरी होती का? न्याय खात्याच्याच नैतिकता विभागाने चार-पाच वर्षं तपास करून 2009 मध्ये अहवाल दिला. यू यांनी हेतुपुरस्सर व्यावसायिक गैरवर्तन केलं आणि बायबींनी बेदरकारपणे कर्तव्याकडे काणाडोळा केला, असा त्याचा निष्कर्ष होता. जानेवारी 2010 मध्ये डेव्हिड मार्गोलिस या ज्येष्ठ अधिकाऱ्याने तो फिरवला. निर्णय वाईट होता, गैरवर्तन नव्हे, असं त्यांनी ठरवलं. महाभियोगाचा मार्ग उरतो, पण अमेरिकेच्या सगळ्या इतिहासात प्रतिनिधिगृहाने फक्त पंधरा फेडरल न्यायाधीशांवर महाभियोग चालवला आणि सिनेटने आठ जणांना दोषी ठरवून काढलं. एकदा शपथ झाली की दार बंद होतं. म्हणूनच सगळा भर शपथेआधीच्या काही आठवड्यांवर द्यायला हवा.

ते आठवडे दिवसेंदिवस पोकळ होत चालले आहेत. एमिल बोव्ह हे आधी ट्रम्प यांचे खासगी वकील, मग न्याय खात्यातले वरिष्ठ अधिकारी. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कचे महापौर एरिक अ‍ॅडम्स यांच्यावरचा भ्रष्टाचाराचा खटला मागे घ्यायचा आदेश त्यांनी दिला, आणि तो पाळण्याऐवजी खात्यातल्या वकिलांनी एकामागोमाग राजीनामे दिले. न्यायालयाचे आदेश धुडकावण्याची भाषा त्यांनी बैठकीत केली, अशी लेखी तक्रार खात्यातल्याच एका माजी वकिलाने केली. बोव्ह यांनी ती नाकारली. कोण खरं बोलतं हे मला ठरवता येणार नाही, पण समितीला शपथेवर साक्ष घेता आली असती. तक्रारदाराला बोलावलंच गेलं नाही. 29 जुलै 2025 रोजी 50 विरुद्ध 49 मतांनी बोव्ह तिसऱ्या सर्किटवर गेले.

सरकारी वकिलीतून न्यायासनाकडे जाणारी वाट आपल्यालाही अनोळखी नाही. धनंजय चंद्रचूड 1998 पासून अतिरिक्त सॉलिसिटर जनरल होते आणि 2000 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. भूषण गवई नागपूर खंडपीठात सरकारी वकील होते, 2003 मध्ये न्यायाधीश झाले. दोघेही पुढे सरन्यायाधीश. आपल्याकडे निवृत्तीचं वय आहे, तहहयात नेमणूक नाही, हे बरंच. पण आपल्याकडे उघड सुनावणीही नाही. उमेदवाराने सरकारला कोणता सल्ला दिला होता, हे नागरिकाने विचारायची जागाच नाही. अमेरिकेत ती जागा आहे आणि ती वापरली जात नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

दुरुस्तीला घटनादुरुस्ती लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. न्यायसमिती प्रत्येक उमेदवाराकडून एक भलीमोठी प्रश्नावली भरून घेते. त्यात लेख, भाषणं, मुलाखती, लढवलेले खटले, सगळं विचारलेलं असतं. त्यात आणखी एक कलम घालावं. उमेदवाराने सरकारी सेवेत असताना स्वतःच्या सहीने दिलेले आणि ज्यांवर प्रशासनाने कृती केली असे अंतिम अभिप्राय कोणते, आणि त्यांपैकी गुप्त किती. गुप्त असतील ते समितीच्या सदस्यांना बंद खोलीत वाचायला द्यावेत. कनिष्ठांची टिपणं आणि मसुदे यातून वगळावेत. अभिप्राय द्यायचे नसतील तर सरकारने ते देऊ नयेत, तो त्यांचा अधिकार आहे. मग समितीच्या अध्यक्षांनी सुनावणीची तारीख देऊ नये, आणि राष्ट्राध्यक्षांनी दुसरं नाव पाठवावं.